दिव्याचा वळसा

तारेवाल्या बाईला शाळेत बोलावण्यात दोकसूला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो.

दोकसू म्हणजे आमच्या दोलगोलचा गावप्रमुख. आमच्या डोंगराच्या माथ्यावर वेधशाळा आहे. तिथल्या लोकांचं म्हणणं, गावाने रात्रीचे दिवे झाकावेत, त्यांना आकाश धड दिसत नाही. दोकसूचं म्हणणं, झाकतो की, पण माथ्यावर जाणाऱ्या तुमच्या डांबरी रस्त्याला एक फाटा काढून द्या, आमच्या पाइनच्या रानाच्या तोंडापर्यंत. म्हणजे अळंबीच्या दिवसांत त्याचा टेम्पो थेट झाडांपाशी. शिवाय तालुक्याच्या कचेरीत नाव. द्यायचं काय, तर शाळेतल्या सहा पोरांची एक दुपार आणि बाईंना टोपलीभर उकडलेले चेस्टनट. चेस्टनटही त्याने दुसऱ्याच्या झाडाचे वेचले होते.

मी गावचा तोलार. सप्टेंबर अर्धा झाला की ऑक्टोबर सरेपर्यंत सहकारी गोदामात काट्यापुढे बसतो. डोंगरावरून येणारी पाइनची अळंबी प्रतवारी लावून तोलायची आणि कुणाची किती ते वहीत लिहायचं. ही अळंबी लावून उगवत नाही. जुन्या पाइनच्या मुळांभोवती रिंगण धरून उगवते आणि ते रिंगण दर वर्षी वीतभर बाहेर सरकतं. ज्याला जागा ठाऊक, त्याचा संसार चालतो. म्हणून जागा कुणी कुणाला सांगत नाही. बायकोला नाही, भावाला नाही. थोरल्या पोराला सांगायची, तीही अंथरुणाला खिळल्यावर. माझ्या बापाने सांगायला इतका उशीर केला की त्याची जीभच उचलेना. त्याने हाताने एक वळण काढून दाखवलं आणि गेला. ते वळण कशाचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून मी काट्यापुढे बसतो.

माझ्या भिंतीला भिंत लावून गिप्योचं घर. तीन वर्षांमागे ऑक्टोबरच्या एका पहाटे गिप्यो कपाळाला दिवा बांधून डोंगर चढला, तो उतरलाच नाही. अकरा दिवस शोध चालला. पोलीस आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं. पुढे दोकसू. कड्याकडची बाजू त्याने स्वतः पालथी घातली. "तिकडं मी बघून आलोय, काय न्हाई," म्हणाला. कोण कशाला पुन्हा जाईल?

घरात उरल्या तिघी. गिप्योची आई पिल्ये, बायको जोंगिम आणि नऊ वर्षांची दानबी.

पिल्येकाकूचं एकच म्हणणं, पोरगं कुठंतरी गेलंय, यील. म्हणून घरात तिन्ही त्रिकाळ त्याच्या नावाचा भात. पितळी वाडगा भरून, झाकण घालून, चुलीकडच्या कोपऱ्यात, जमिनीखालून धग येऊन ती जिथे सगळ्यांत ऊन असते तिथे रजईखाली ठेवायचा. पुढच्या जेवणाच्या वेळी तो थंड भात जोंगिमने खायचा, वाडगा घासायचा आणि नवा भरायचा. वर्षश्राद्ध नाही, थडगं नाही. कारण माणूस मेलेलाच नाही.

एकदा दानबीने खेळता खेळता त्या भातात चमचा उभा रोवला. भिंतीपलीकडे मला चापटीचा आवाज आला.

"मेलेल्याच्या भातात उभा करत्यात चमचा! बापाला मारतीस व्हय गं?"

"आई, लेकरू हाय ते," जोंगिम म्हणाली.

"तू गप. तुला तर बरंच हाय की. सुटली म्हनशील."

जोंगिमने टोपली उचलली. तिला दोकसूच्या मिरचीच्या शेतावर जायचं होतं. दिवसभर वाकून लाल मिरच्या तोडायच्या, संध्याकाळी बोटं भातातसुद्धा झोंबायची. दोकसू बांधावरून ओरडायचा, "वहिनी, कंबर धरली का? नवरा आला की चोळून घ्या!" आणि बाकीच्या बायका हसायच्या. जोंगिमही हसायची. हसली नाही तर दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नसे. वर दोकसू म्हणजे गावचा दाता. दर शरदाच्या सणाला गिप्योच्या घरी अळंबीची पेटी पोचवायचा आणि त्यांची शेताची पट्टीही फुकट नांगरून द्यायचा. पिल्येकाकू म्हणायची, सख्खा भाऊ करनार न्हाई इतकं करतंय पोरगं.

तर वेधशाळेतली तारेवाली यूनबाई आली. काटकुळी, चष्मा, पायांत चिखलाचे बूट. तिच्या विषयाला सगळे आधी हसले. ताऱ्यांचं वजन!

"बाई, काटा केवढा लागंल?" दोकसूने विचारलं. "आमच्या तोलाराला घेऊन जा. अंगठा दाबून दोन तारं जास्तीचं तोलंल."

"काटा लागत नाही," बाई म्हणाली. "जोडीदार लागतो. तुम्हीच या."

शाळेच्या पटांगणात तिने ओली वाळू पसरून घेतली. दोकसूला मध्ये उभं केलं आणि दानबीला त्याचे हात धरायला लावले. "आता फिरा."

दोकसू नव्वद किलोचा, दानबी पंचवीसची. दोकसू जागच्या जागी भोवऱ्यासारखा आणि पोर मात्र हातभर लांबून, केस उडवत, खिदळत. थांबल्यावर बाईने सगळ्यांना वाळू दाखवली. दोकसूच्या पावलांचं रिंगण परातीएवढं आणि दानबीचं खळ्याएवढं.

"दोघांचा मध्य एकच आहे बघा. जो जड, तो थोडा हलतो. जो हलका, तो लांबून फिरतो. दानबीचं रिंगण दोकसूकाकांच्या चौपट असेल, तर काका तिच्या चौपट जड. आकाशातले कितीतरी तारे असेच जोडीने फिरतात. आम्ही रिंगणं मोजतो. दोघांत अंतर किती ते बघतो आणि एका फेरीला दिवस किती लागले तेही बघतो. अंतर तेवढंच, पण फेरी लवकर पुरी झाली, तर ओढ जास्त. म्हणजे दोघांचं मिळून वजन जास्त. झालं तोलून."

"आन् जोडीदार नसंल तर?" मी मागून विचारलं.

"एकटा तारा नीट तोलता येत नाही, आजोबा. अंदाज करायचा." मग ती पोरांकडे वळली. "आता समजा मिट्ट काळोख आहे. काकांनी काळे कपडे घातलेत. दिवा फक्त दानबीच्या कपाळाला. तुम्ही लांबून बघताय. काय दिसेल?"

"दानबीचा दिवा. गरागरा फिरतोय," एक पोरगा म्हणाला.

"मग तुम्ही काय म्हणाल?"

 वारा पडला होता. दानबीच म्हणाली, "कुनीतरी धरलंय तिला."

"बरोबर. न दिसणाऱ्याने धरलंय. तारा आपल्याकडे यायला लागला की त्याचा उजेड अगदी किंचित निळसर होतो आणि लांब जायला लागला की तांबूस. तो येतो-जातो, येतो-जातो. शेजारी तर काहीच दिसत नाही. पण दिसणाऱ्याच्या हलण्यावरून न दिसणारा कुठे आहे ते सांगता येतं. किती जड आहे तेही."

पोरांच्या मागे पिल्येकाकू मिरच्यांचं सूप घेऊन निवडत बसली होती. तिचे हात थांबले. "दिसत न्हाई ते बी तोलता येतं?" तिने विचारलं.

"येतं, आजी."

दोकसूने टाळ्या वाजवल्या. "चला, चेस्टनट खावा. तारं कुठं पळून जात न्हाईत."

बाईने जाताना पोरांना काम दिलं. पंधरा दिवसांनी येईन, तोवर न दिसणारी एक गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीवरून शोधून ठेवा.

पिल्येकाकूची तीन वर्षांची सवय अशी. पहाटे उठून ओटीवर, काचेच्या सरकत्या दाराआड बसायचं आणि समोरच्या डोंगरावर चढणारे दिवे बघायचे. प्रत्येक अळंबीवाल्याच्या कपाळाला एक दिवा. आठ-दहा ठिपके काळोखात वर सरकतात आणि आपापल्या जागेजवळ गेले की एकेक करून विझतात. आपल्या जागेवर कुणी दिवा पेटता ठेवत नाही. काकू त्यांत मोजणीपलीकडचा एक जास्तीचा दिवा, गिप्योचा, शोधायची. आता दानबीही तिच्याजवळ बसू लागली. खांबाला पाठ आणि हनुवटी उशीवर टेकवायची, म्हणजे डोकं रोज त्याच जागी राहील. हातात मेणाचा खडू. काचेवर ती एकेका दिव्याची वाट काढायची.

मी एकदा भिंतीवरून डोकावलो. "काय गं, काच कशाला रंगवतीस?"

"गप बसा, तोलार आजोबा. हलले मी."

"कुनाचा दिवा कुठला ते तुला काय म्हाईत?"

"घरातनं निघतानाच बघते की. आमच्या पलीकडच्या पुलावरून येतो तो दोकसूकाकाचा."

बाकी सगळ्यांच्या रेघा सरळ, थोड्या नागमोडी. दोकसूची रेघ कड्याखाली गेली की डावीकडे फुटायची आणि भलंमोठं अर्धं रिंगण घेऊन वरच्या अंगाला विझायची. रोज. मधला काळोख मोकळा. तिथे कुणाचाही दिवा जात नव्हता.

"एवढा वळसा कशाला घालतोय?" मी म्हणालो आणि लगेच गप्प झालो. कारण दुसऱ्याची वाट मोठ्याने उच्चारायची नाही, हा आमचा रिवाज. पहिल्यापासून तेच तर शिकलोय आम्ही. बघायचं आणि मान वळवायची.

बाई परत आली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अळंबीचा हंगाम ऐन भरात असताना. पाऊस होता म्हणून कार्यक्रम माझ्या गोदामात. काट्याच्या मागे पोरं, पुढे सतरंजीवर मोठी माणसं. दोकसूने रस्त्याचा कागद आणला होता, बाईची सही व्हायची होती.

पोरांनी सांगितलं. एकाने हलत्या गवतावरून उंदीर शोधला होता, एकाने बापाच्या डोळ्यांवरून दारूची बाटली. सगळे हसले. मग दानबी उठली. काचेवरची चित्रं तिने पातळ कागद लावून उतरवून आणली होती. तिने तो कागद काट्याच्या ताटलीवर पसरला.

"ह्ये समद्यांचे दिवे. अकरा दिवसांचे. ह्यो दोकसूकाकाचा. त्यो हितनं वळतो. हितं कायतरी हाय. म्हनून त्यो वळतो. रिंगन मोठं हाय, म्हंजी ते लई जड आसनार." मग तिने एका रेघेवर बोट ठेवलं. "ही एक चुकलीया माझी. त्या दिवशी सरळच गेला दिवा, मधीच. झोपेत काढली आसंल."

बाई वाकून बघत राहिली. नंतर हळू म्हणाली, "दानबी, हे ओढीचं वळण नाही. ओढ असली की तारा त्याच्या भोवतीच फिरत राहतो, सुटत नाही. हा दिवा तर जवळ यायचंच टाळतोय."

"काय हाय रं तिथं, दोकसू?" पिल्येकाकूने विचारलं.

दोकसू हसला. "गांधीलमाशा, काकू. केवढं तरी मोहोळ. तीन वर्सं झाली, हलत न्हाई बघा."

गोदामात जुने अळंबीवाले बसले होते. गांधीलमाशीचं घर एका थंडीपलीकडे टिकत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि किती वर्सं झाली, हे कुणी विचारलंच नव्हतं.  जोंगिमने मिरचीने सुजलेले हात मांडीवरून उचलले आणि पदराखाली लपवावेत तसे काखेत धरले.

दानबी माझ्याकडे वळली. "तोलार आजोबा, तुमच्या वहीत बी दिसंल की. बाबा किती आनायचा? आन् काका आता किती आनतो?"

वही माझ्या गुडघ्यावरच होती. मला उघडायची गरज नव्हती. गिप्यो हंगामाला अडतीस किलो आणायचा, दोकसू एक्केचाळीस. गिप्यो गेल्यावर पहिल्याच सालापासून दोकसू अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. हे आकडे माझ्याच हाताने लिहिलेले. पहिल्याच वर्षी माझी लेखणी तिथे अडखळली होती. मनात म्हणालो, त्याला नवी जागा घावली असंल. कुणाची, हे विचारणं तोलाराचं काम नाही.

"सांगा की," दानबी म्हणाली.

"अडतीस," मी म्हणालो. "आन् दोकसूची सदतीसनं वाढली."

पिल्येकाकू उठली. मिरच्यांचं सूप तिने तिथेच ठेवलं. "उद्या उजाडताना समद्यांनी यायचं," ती म्हणाली. "दोकसू, तू म्होरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोकसू घरातच होता. पळाला नव्हता. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला होता. गावातली चोवीस माणसं आणि दोन पोलीस त्याच्या मागून चढले. पाइनच्या सुयांसारख्या पानांवर पाय घसरत होते. काठ्यांचे आवाज येत होते. कड्याखाली आल्यावर दोकसूचे पाय सवयीने डावीकडे वळले. जोंगिम त्याच्या मागेच होती. तिने त्याला उजव्या खांद्याला धरून सरळ ढकललं. तीन वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा हात लावला.

कड्याच्या पोटात खबदाड होती. वर पाइनच्या फांद्या रचलेल्या, खालच्या वाळून तांबड्या झालेल्या, वरच्या त्याच सालच्या. आत गिप्यो होता. म्हणजे त्याचे रबरी बूट, वेताची पाठीवरची टोपली आणि बाकीचं. पोलीस म्हणाला, मान मोडलीय, पडल्या पडल्या गेला असणार. त्याच्या उशाशी तीन मद्याच्या बाटल्या, वर्षाला एक, आणि एका चिनी मातीच्या बशीत वाळून दगड झालेले नासपती. दोकसू दर सणाला येऊन त्याचं श्राद्ध करत होता.

आणि खबदाडीसमोरच्या म्हाताऱ्या पाइनभोवती अळंबीचं रिंगण. इतकं दाट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते दर वर्षी वीतभर बाहेर सरकत आलं होतं आणि त्या साली त्याची कड गिप्योच्या बुटांना टेकली होती. टाचेपाशी दोन टोप्या नुकत्याच माती फोडून वर येत होत्या.

"शोधाच्या दुसऱ्याच दिवशी घावला," दोकसू म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "बोललो आसतो तर पन्नास मानसं आली आसती. समदी जागा तुडवली आसती. म्हनलं, ह्यो हंगाम होऊ दे, मग सांगतो. मग दुसऱ्या साली कसं सांगनार? लोक इचारतील ना, वरीसभर काय केलंस? पर मी त्याच्या अंगावरनं कधी गेलो न्हाई, काकू. देवाशप्पत. लांबनं जाऊन वरनं जागेवर उतरलो. फांद्या बी दर साली नव्या..."

"गप," पिल्येकाकू म्हणाली. खाली बसली आणि लेकाच्या बुटात साठलेलं पावसाचं पाणी ओतून टाकलं. आधी एका बुटातलं, मग दुसऱ्या.

खाली आल्यावर संध्याकाळी जोंगिमने चार वाडगे भरले. पिल्येकाकूने चौथा तिच्या हातातून घेतला. रजईकडे नेला नाही. पाटावर ठेवला, झाकण काढलं आणि चमचा भाताच्या मधोमध उभा रोवला. दानबी आजीच्या हाताकडे बघत होती. चापट आली नाही.

मग काकूने मला काच पुसायला बोलावलं. तिचे हात वर पोचत नव्हते. ओल्या फडक्याने मी एकेक रेघ पुसत गेलो. दानबीने प्रत्येक रेघेशेजारी तारीख घातली होती. चुकलेल्या रेघेपाशी, सरळ काळोखात गेलेल्या त्या एकाच रेघेपाशी, सत्तावीस सप्टेंबर होती.

घरी जाऊन मी वही उघडली. सत्तावीसला दोकसूच्या नावापुढे काही नाही. बरोबरच. सव्वीसच्या दुपारी आम्ही दोघं टेम्पोने शहरातल्या लिलावाला गेलो होतो आणि सत्तावीसची रात्र पडल्यावर परतलो. सव्वीसची रात्र तिथंच एका खोलीत झोपलो. तो पहाटेपर्यंत घोरत होता. दुसऱ्या कुणाचा दिवा त्या बाजूला जात नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यूनबाई रस्त्याचा कागद सही न करता परत द्यायला आली, तेव्हा तिला विचारीन म्हणत होतो, पण धीर झाला नाही. ती म्हणाली असती, आजोबा, पोर झोपेत होतं. म्हणाली असती तर बरंच झालं असतं.

आता कुणी काय भरलं ते लिहितो.

दोकसूचं प्रमुखपण गेलं, खटला झाला, डोंगरावर पाय ठेवायची बंदी झाली. हंगामात तो घराच्या मागच्या खोलीत बसतो, कारण पुढच्या खोलीतून डोंगर दिसतो. गावाचा रस्ता गेला आणि दिवे मात्र झाकलेच गेले. कुणी न सांगता. ते रिंगण पुढच्या साली उगवलं. कुणी तोडलं नाही, जागच्या जागी कुजलं. साधारण अडतीस किलो. मी काट्यापुढून उठलो. नवा तोलार बरा आहे, प्रश्न विचारतो. पिल्येकाकू पहाटे आता उशिरा उठते.

आणि जोंगिम. गिप्यो गेला त्याला तीन वर्षं पुरी व्हायला नऊ दिवस कमी होते. म्हणजे एक हजार सत्त्याऐंशी दिवस, दिवसाला तीन वेळा. मेलेल्या माणसाचा थंड भात खाऊन तो वाडगा तिने तीन हजार दोनशे एकसष्ट वेळा घासला. मिरचीने सोललेल्या हातांनी. ही रक्कम कुणाच्याही नावावर टाकली तरी तिथे मावत नाही, म्हणून तिच्याच नावापुढे राहिली आहे.